मुलांसाठीच्या वाद्यवृंद मैफली: सार्वजनिक पैसा मागायचा तर नेमका कशासाठी?

चेलोवाली

आमचा हौशी वाद्यवृंद आहे. चाळीसेक जण. कुणी शिक्षिका, कुणी निवृत्त अभियंता, कुणी पाळीची नोकरी सांभाळून वाजवणारं. आठवड्यातून एक संध्याकाळ तालीम, वर्षातून दोनदा मुलांसकट अख्ख्या घरासाठी तासाभराची मैफल. मी चेलो वाजवते आणि गेली सहा वर्षं अनुदानाचे अर्जही मीच भरते, कारण सुरुवातीला दुसरं कुणी हात वर केला नाही आणि पुढे ते काम अंगवळणी पडलं.

यंदा अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा: 'मनोरंजनपर कार्यक्रम, खर्च तिकीटविक्रीतून भागवावा.' राग आलाच, पण त्याहून जास्त हे जाणवलं की पैसे जातात कुठे, हे आम्ही नीट सांगितलेलंच नाही. म्हणून इथे मांडते आहे.

वादकांना मानधन नाही. तरी खर्च होतो, आणि तो कसा होतो ते एका रचनेवरून सांगते. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हची १९३६ सालची 'पीटर अँड द वुल्फ' (पीटर आणि लांडगा) बहुतेकांनी ऐकली असेल. मॉस्कोतल्या मुलांच्या नाट्यगृहासाठी लिहिलेली, जेमतेम अर्ध्या तासाची. गोष्टीतल्या प्रत्येक पात्राला आपलं वाद्य: पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे 'बसून' (bassoon, खर्जात बोलणारं फुंकवाद्य). लांडग्यासाठी तीन फ्रेंच हॉर्न. आमच्याकडे हॉर्नवाला एक. ओबोवाली आहे, पण 'बसून' हे वाद्य कुणीच वाजवत नाही. म्हणजे दोन हॉर्न आणि एक बसून बाहेरून बोलवायचे आणि हे तिघं व्यावसायिक, त्यांना मैफलीचे आणि किमान दोन तालमींचे पैसे द्यायचेच. लांडगा एकाच हॉर्नवर वाजवता येत नाही का? सूर वाजतील, पण तीन हॉर्न एकत्र खालच्या पट्टीत आले की पोटात जो गोळा येतो तो येणार नाही, आणि सगळी गोष्ट त्या गोळ्यावर उभी आहे.

शिवाय सभागृहाचं भाडं, तेही दोन दिवसांचं, कारण मंच आदल्या दिवशी मांडावा लागतो. टिंपनी (मोठे नगारे) ने-आण करायला वेगळी गाडी. विमा. निवेदक. वादकांच्या पार्ट्सचं, म्हणजे प्रत्येकापुढे ठेवायच्या स्वरलिपीच्या प्रतींचं, भाडं: हक्क संपलेल्या रचना एकदा विकत घेतल्या की झालं, पण नव्या रचनांना दर प्रयोगाला मोजावे लागतात. प्रोकोफिएव्ह गेला १९५३ साली, त्यामुळे त्याचे हक्क संपले की नाहीत हे देशागणिक बदलतं आणि ते आधी तपासावं लागतं.

तिकीटविक्रीतून एवढं निघत नाही. तिकीट वाढवलं की चार माणसांचं कुटुंब घरी बसतं. आणि नेमकं तेच कुटुंब यावं म्हणून तर हा खटाटोप.

तुमचं काय मत? सार्वजनिक पैशातून अशा मैफली व्हाव्यात का? झाल्या तर कुठल्या अटींवर?

हिशेबी

मी एका स्थानिक संस्थेच्या लेखा विभागात वीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू मांडतो. वाईट वाटून घेऊ नका.

तुमचा शेरा एका ओळीचा होता हे चुकीचंच, कारण द्यायला हवं होतं. पण शेऱ्यामागचा प्रश्न खरा आहे. पाण्याची पाइपलाइन जुनी झाली आहे, शाळेचं छप्पर गळतं आहे, आणि त्याच तिजोरीतून 'बसून' या वाद्याच्या वादकाचं मानधन द्यायचं. जो माणूस असल्या मैफलीला कधी जाणार नाही त्याने का भरावं?

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. येतं कोण? माझ्या अनुभवात अशा कार्यक्रमांना तीच घरं येतात जिथे आधीपासून पियानो नाहीतर व्हायोलिन आहे. म्हणजे ज्यांना परवडतं त्यांचं तिकीट सगळ्यांच्या करातून स्वस्त होतं. 'सर्वांसाठी खुलं' असं फलकावर लिहिल्याने सर्व येत नाहीत.

तुमच्या मागच्या मैफलीला कोण कोण आलं, हे तुम्हाला माहीत आहे का? नुसता आकडा नको. कोण?

ग्रंथपाल

हिशेबी, 'जो जाणार नाही त्याने का भरावं' हा प्रश्न वाचनालयालाही लावता येतो. मी वाचनालयातच काम करते आणि वर्षानुवर्षं तिथे पाऊल न टाकणारेही कर भरतात. तरीही ते सगळ्यांचं असतं, कारण ज्या दिवशी पाऊल टाकावंसं वाटेल त्या दिवशी दार उघडं असतं.

हा वाद जुना आहे. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४० साली, ब्रिटनमध्ये संगीत आणि कलांना उत्तेजन देणारी समिती निघाली. बॉम्ब पडत होते, अन्नधान्य मापून मिळत होतं, तरी कारखान्यांत आणि लहान गावांत मैफली व्हाव्यात म्हणून पैसे बाजूला काढले गेले. १९४६ साली तिचीच आर्ट्स कौन्सिल झाली. अर्थशास्त्रज्ञ केन्स या कामात अग्रभागी होते. पुढे १९४८ च्या कायद्याने तिथल्या स्थानिक संस्थांना मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या दर पौंडामागे सहा पेन्सपर्यंत रक्कम करमणुकीवर खर्च करायची मुभा मिळाली. लक्ष द्या, शब्द 'करमणूक' असाच होता. करमणूक आहे म्हणून पैसे नाहीत, असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

आणि वाद्यवृंदाची ओळख करून देणारी ब्रिटनची ती प्रसिद्ध रचना? (ब्रिटन म्हणजे इथे बेंजामिन ब्रिटन, संगीतकार.) ती मुळात शिक्षण मंत्रालयाने काढलेल्या माहितीपटासाठी लिहिली गेली, १९४६ चा माहितीपट. पर्सेल या सतराव्या शतकातल्या इंग्रज संगीतकाराची एक जुनी चाल घ्यायची, एकेका वाद्याला ती आपापल्या परीने बोलू द्यायची आणि शेवटी सगळ्यांना एकत्र गुंफायचं. सरकारी खर्चातून मुलांना वाद्यं दाखवायला केलेलं काम, आणि आज जगभरचे वाद्यवृंद ते मोठ्यांच्या मैफलींतही वाजवतात.

दोन मुलांची आई

मला कायदे-इतिहास फारसा माहीत नाही. माझ्या घरचं सांगते.

थोरला नऊ वर्षांचा आहे. तो एका जागी बसू शकत नाही. आनंद झाला की हात हलवतो, आवाज काढतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या सभागृहातल्या 'कौटुंबिक' म्हणून जाहीर केलेल्या मैफलीला गेलो. दुसरी रचना सुरू होईतो तीनदा मागे वळून पाहिलं गेलं आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी हळूच येऊन 'बाहेर थांबता का' असं विचारलं. त्या वाईट नव्हत्या. नियमाप्रमाणे वागल्या. मी त्याला घेऊन बाहेर आले, नवरा धाकटीबरोबर आत राहिला. उरलेला वेळ आम्ही दोघांनी जिन्यावर काढला. दारातून झिरपत येणारा ट्रम्पेट त्याला ऐकू येत होता आणि तो दरवेळी दाराकडे बोट दाखवायचा.

त्यानंतर एका हौशी वाद्यवृंदाने 'मोकळी मैफल' ठेवली होती. दिवे पूर्ण मालवले नव्हते. आत-बाहेर करायला कुणाची हरकत नव्हती. मागच्या बाजूला एक शांत खोली, तिथे गालिचा आणि उशा. काय काय होणार याचं चित्रांसकट पत्रक आठवडाभर आधी घरी आलं होतं: 'इथे मोठा आवाज होईल', 'इथे सगळे टाळ्या वाजवतील'. मैफल संपल्यावर मुलांना वाद्यांजवळ जाऊ दिलं. डबल बास वाजवणाऱ्या आजोबांनी माझ्या मुलाचा तळहात वाद्याच्या पोटावर ठेवला आणि सगळ्यात जाडी तार लांब ओढली. तो थांबला. पूर्ण थांबला. हात तसाच. आजोबांनी पुन्हा ओढली. पाच-सहा वेळा. रांगेत मागे मुलं होती, पण त्यांनी घाई केली नाही.

हे तिकिटाच्या पैशात बसत नाही, कारण अशा मैफलीत मुद्दाम कमी खुर्च्या मांडतात आणि जास्त माणसं हाताशी ठेवतात. म्हणजे उत्पन्न कमी, खर्च जास्त. मग ते कोण करणार? ज्याला नफा हवा तो तर नाहीच.

तालवाद्य

वरच्या ताईंच्या पोस्टला जोडून व्यावहारिक भर. मी टिंपनी आणि बाकी तालवाद्यं वाजवतो.

मोकळी मैफल म्हणजे नेहमीच्याच मैफलीत दिवे चालू ठेवणं, असं बरेच जण समजतात. त्याने भागत नाही. पहिल्या दोन रांगा रिकाम्या सोडाव्या लागतात, ब्रासच्या (ट्रम्पेट, हॉर्न अशा पितळी वाद्यांच्या) तोंडासमोर लहान मुलं बसवायची नाहीत. कानाला लावायची संरक्षक उपकरणं दाराशी उसनी द्यायची सोय हवी, लहान मापाची. युरोपात वादकांसाठी नियमच आहे: आठ तासांच्या हिशेबाने आवाजाची मात्रा ८५ डेसिबलला पोचली की कानाचं संरक्षण वापरणं बंधनकारक. संगीतक्षेत्राला तो २००८ पासून लागू झाला. मुलं तासभरच असतात, पण दचकण्याचा प्रश्न वेगळा. मी बास ड्रमवरचा पहिला ठोका देण्याआधी निवेदक मुलांना बोटांवर पाच ते एक मोजायला लावतो. मग तोच ठोका त्यांना हवाहवासा होतो.

ही सगळी तयारी तालमीत करून पाहावी लागते. म्हणजे सभागृह आणखी एक दिवस. अर्जात ही ओळ लिहिली की विचारतात, 'हा जादा दिवस कशाला?'

चेलोवाली

हिशेबी, तुमच्या 'कोण?' ला आता उत्तर देते. दोन दिवस घेतले, कारण उगाच बचाव करायचा नव्हता.

तुमचं बरोबर आहे. आम्ही मागच्या मैफलीला दाराशी एकच प्रश्न विचारला होता: वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकायची ही पहिलीच वेळ का? कागदाच्या दोन पेट्या ठेवल्या, हो आणि नाही, मुलांच्या हातात चिठ्ठी. 'नाही'ची पेटी भरून वाहिली. 'हो'च्या पेटीत तळ दिसत होता. त्यातही बऱ्याच चिठ्ठ्या वादकांच्याच भाच्या-पुतण्यांच्या. सभागृह भरलेलं होतं, टाळ्या होत्या, फोटो छान आले होते, आणि ती पेटी माझ्या कपाटावर पडून होती. आकडा मला दिसत होता. मी अर्जात लिहिला नाही. 'सभागृह पूर्ण भरले' एवढंच लिहिलं.

मग गेल्या वर्षी आम्ही एक गोष्ट करून पाहिली. मैफलीच्या सकाळची रंगीत तालीम एका शाळेसाठी खुली केली. तिकीट नाही. तरी शाळा येईना. मुख्याध्यापिकांना भेटायला गेले तेव्हा कळलं की अडचण तिकिटाची कधी नव्हतीच. साठ मुलांना सभागृहापर्यंत आणायचं कसं? बस कुठून आणायची, आणि सोबत यायला मोठी माणसं कुठून? आम्ही आपसात वर्गणी काढून बस केली. मुलं आली. त्या दिवशी पेट्या ठेवल्याच नाहीत, गरज नव्हती.

इतकी वर्षं आम्ही तिकीट स्वस्त करण्यासाठी पैसे मागत होतो. जे येतच होते त्यांचं तिकीट.

मध्यलय

मला एक समजत नाही. सरकारदरबारी खेटे घालण्यापेक्षा प्रायोजक का शोधत नाही? किंवा लोकवर्गणी? मुलांच्या मैफली म्हटलं की कंपन्या पुढे येतील.

ग्रंथपाल

मध्यलय, येतात, आणि त्यातून मोठी कामंही झाली आहेत. लंडनमध्ये रॉबर्ट मेयर या उद्योजकाने १९२३ साली बायकोच्या साथीने मुलांसाठीच्या मैफली सुरू केल्या, त्या त्याच्याच पदरमोडीतून उभ्या राहिल्या. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या तरुणांसाठीच्या मैफली लिओनार्ड बर्नस्टाइनने १९५८ ते १९७२ या काळात दूरचित्रवाणीवर नेल्या, ५३ भाग झाले, तेही व्यावसायिक वाहिनीवर.

पण हे मोठ्या शहरातले मोठे वाद्यवृंद. चाळीस हौशी वादकांकडे आणि साठ मुलांच्या बसकडे कुठला प्रायोजक वळेल? प्रायोजकाला भरलेलं सभागृह आणि नाव दिसेल असा मंच हवा असतो, त्यात गैर काहीच नाही. दोन मुलांची आई यांनी लिहिलेली मैफल मात्र मुद्दाम अर्धी रिकामी ठेवलेली असते.

चेलोवाली

आणि प्रायोजक एक वर्ष असतो, दुसऱ्या वर्षी नसतो. आम्ही अनुभव घेतला आहे. शाळेला शब्द दिलेला असतो.

अजून एक. 'हळूहळू स्वतःच्या पायावर उभे राहा' हा सल्ला आम्हाला फार मिळतो. बॉमोल आणि बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या खर्चाचा अभ्यास मांडला, त्यात याचं कारण आहे. यंत्रं आली तशी कारखान्यातल्या कामगाराची तासागणिक उत्पादकता वाढत गेली आणि त्याबरोबर पगार वाढले. पण चौघांसाठी लिहिलेली रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघांना जेवढा वेळ लागायचा तेवढाच वेळ आजही घेते. ती तिघांत उरकता येत नाही की दुप्पट वेगाने वाजवता येत नाही. वादकाला मात्र आजच्या दराने जगायचं असतं. म्हणून प्रत्यक्ष वाजवण्याचा खर्च बाकी वस्तूंच्या मानाने चढतच राहतो. आमची काटकसर कमी पडते म्हणून असं होत नाही. हौशी लोकांनी फुकट वाजवल्याने यातला मोठा भाग झाकला जातो, पण सभागृह, गाडी आणि ते दोन हॉर्न यांच्यात तो पुन्हा वर येतोच.

हिशेबी

चेलोवाली, त्या पेटीबद्दल लिहिलंत, मानलं तुम्हाला. इतक्या वर्षांत अर्जदाराकडून असं ऐकलेलं नाही.

माझं मत थोडं सरकलं आहे, पूर्ण नाही. तुमच्या नेहमीच्या संध्याकाळच्या मैफलींना सार्वजनिक पैसा द्यावा असं मला अजूनही वाटत नाही. शाळेची बस आणि मोकळी मैफल यांना द्यावा, असं वाटायला लागलं आहे. आता छाननी करणारा काय पाहतो ते सांगतो.

अर्जाच्या पहिल्या पानावर वाद्यवृंदाचा इतिहास लिहू नका. स्थापना, आजवरचे कंडक्टर, गाजलेले कार्यक्रम हे सगळं शेवटी. नमनालाच घडाभर तेल गेलं की वाचणारा पुढच्या फायलीकडे वळतो. पहिल्या पानावर तो मुख्याध्यापिकांचा प्रश्न लिहा.

सगळंच रोख मागू नका. सभागृह स्थानिक संस्थेच्या मालकीचं असेल तर भाडेमाफी मागा. ज्या दिवशी ते तसंही रिकामं असतं तो दिवस निवडा. तिजोरीतून प्रत्यक्ष काही जात नसल्याने मंजुरी देणाऱ्याचा हात मोकळा होतो. तुमच्या जादा तालमीच्या दिवसाचा प्रश्नही त्यातच सुटेल.

वादकांचे तास लिहा. चाळीस जण, दहा तालमी, दोन-दोन तास, म्हणजे आठशे तास. त्याला पैशाची किंमत लावू नका हवं तर, पण आकडा दिसू द्या. 'संस्थेचा स्वतःचा वाटा' असा रकाना बहुतेक अर्जांत असतो आणि हौशी संस्था तिथे फक्त शिल्लक रक्कम लिहितात. आठशे तास हा तुमचा वाटा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पैसे आधी मिळणार की खर्च झाल्यावर, ते विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी आधी खर्च करायचा, पावत्या जोडायच्या, मग रक्कम हाती येते. लहान संस्थांचं गाडं इथेच अडतं. काही भाग आगाऊ मिळावा, अशी विनंती लेखी केली तर कित्येकदा मान्य होते. बहुतेकांना असं मागता येतं हेच माहीत नसतं.

शेवटी, तीन वर्षांसाठी मागा. पहिल्या वर्षी एक शाळा, दुसऱ्या वर्षी तीच आणि आणखी एक. दरवर्षी नवी शाळा घेऊन यादी लांबवू नका. त्याच मुलांनी दुसऱ्यांदा येणं हे मला, छाननी करणारा म्हणून, नव्या दोनशे नावांपेक्षा जास्त पटेल.

दोन मुलांची आई

हिशेबी, हे 'दुसऱ्यांदा येणं' फार पटलं. पहिल्या वेळी माझ्या मुलाचा निम्मा वेळ जागा ओळखण्यातच गेला होता. दुसऱ्या वेळी तो थेट डबल बासकडे गेला.

एक विनंती, चेलोवाली. मोकळी मैफल वेगळी ठेवाल तेव्हा तिच्यात रचना कमी किंवा सोप्या करू नका. आमच्या मुलांना लहान आवृत्ती नको आहे. तीन हॉर्न असतील तर तिन्ही इकडेही असू द्या.

तालवाद्य

+१. आणि वाद्यांजवळ जायचा वेळ कार्यक्रमपत्रिकेत छापा, 'वेळ उरल्यास' नको. नाहीतर सभागृहाचा रखवालदार किल्ल्या वाजवायला लागतो आणि तेच पहिलं कापलं जातं.

चेलोवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अर्ज नव्याने लिहायला घेतला.

पहिली ओळ बसची आहे. दुसरी सोबत येणाऱ्या मोठ्या माणसांची, त्यांत दोघी मुलांच्या आयाच असतील, शाळेनेच सुचवलं. तिसरी दोन हॉर्न आणि एक बसून, सकाळची शाळेची मैफल आणि दुपारची मोकळी मैफल अशा दोन्हींसाठी, म्हणजे बोलावलेल्या वादकांचा एकच दिवस धरला तरी दोन्हीकडे लांडगा पुरा असेल. सभागृह रोखीत मागितलेलं नाही, तीन दिवसांची भाडेमाफी मागितली आहे. वादकांचे तास लिहिले: मोजले तेव्हा आठशेपेक्षा जास्त भरले, कारण पार्ट्सवर खुणा करणाऱ्यांचे आणि खुर्च्या लावणाऱ्यांचे तास आम्ही कधी धरलेच नव्हते. स्वस्त तिकिटाची ओळ काढून टाकली. मागच्या मैफलीच्या दोन पेट्यांतल्या चिठ्ठ्या मोजून दोन्ही आकडे जसेच्या तसे दिले आहेत. समितीतल्या एकीला ते पटलं नाही, 'आपणच आपल्या विरुद्ध का लिहायचं' म्हणाली. चर्चा लांबली, पण आकडे राहिले.

'यश कसे मोजणार' हा रकाना अजून अर्धा रिकामा आहे. सध्या एवढंच लिहिलं आहे: दुसऱ्या वर्षी त्याच वर्गातली किती मुलं पुन्हा आली, आणि त्यांतली किती घरच्या कुणाला सोबत घेऊन आली. मोकळ्या मैफलीसाठी काय मोजायचं ते सुचत नाही. किती जण बाहेर गेले हे मोजणं चूक वाटतं, बाहेर जाता येणं हाच तर तिचा उद्देश. बाहेर जाऊन परत आत किती आले, हे चालेल का?

अर्ज शुक्रवारी द्यायचा आहे. गुरुवारी रात्रीपर्यंत कुणाला सुचलं तर इथेच लिहा.